बुरशी पेंडीतली, विष दुधातले

दूध उकळले की ते निर्धोक होते, हा समज रोगजंतूंच्या बाबतीत बहुतांशी खरा असला, तरी अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाला तो लागू पडत नाही. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी मका, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड अशा पशुखाद्यावर उष्ण व दमट हवेत वाढताना हे विष तयार करते. त्याचा बी-१ हा सर्वांत घातक प्रकार जनावराच्या पोटात गेला, की यकृतात त्याचे एम-१ या द्रव्यात रूपांतर होते आणि खाल्लेल्या विषाचा साधारण एक ते दोन टक्के, तर भरपूर दूध देणाऱ्या गाईंत त्याहूनही अधिक भाग, या रूपाने दुधात उतरतो. पाश्चरीकरणाने तो नष्ट होत नाही; उलट एम-१ दुधातील केसिन या प्रथिनाला चिकटत असल्याने चीजमध्ये त्याचे प्रमाण मूळ दुधापेक्षा वाढते.

१९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीग्रस्त शेंगदाणा पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. भारतात १९७४ मध्ये पंचमहाल आणि बांसवाडा भागांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. दुधातून होणारी बाधा अशी एकाएकी दिसत नाही, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे कारणही हेच आहे. एम-१ हे बी-१ पेक्षा सौम्य असले, तरी दीर्घकाळच्या सेवनाने यकृताच्या कर्करोगाचा धोका संभवतो; शरीराच्या मानाने दूध जास्त पिणाऱ्या लहान मुलांबाबत ही चिंता अधिक गंभीर ठरते.

भारतात दुधासाठी या विषाची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या वीस लाखाव्या भागाइतकी आहे. युरोपीय संघाची मर्यादा तिच्या दहाव्या हिश्श्याची आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुने भारतीय मर्यादा ओलांडणारे निघाले आणि पिशवीबंद दुधात हे प्रमाण कच्च्या दुधापेक्षा जास्त आढळले. भेसळीची चर्चा सतत होत असताना या आकड्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही, ही खेदाची बाब आहे.

दूषित खाद्य बंद केले, की काही दिवसांतच दूध जवळजवळ विषमुक्त होते. त्यामुळे खरा उपाय गोठ्यातच आहे: मका नीट वाळवावा, पोती ओल्या जमिनीवर ठेवू नयेत आणि कुबट वासाची किंवा गोळे झालेली पेंड जनावरांपुढे टाकू नये. मात्र बुरशी डोळ्यांना दिसत नसतानाही विष असू शकते, म्हणून दूध संघांनी दुधाबरोबरच पशुखाद्याचीही नियमित तपासणी करावी आणि तिचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये.