तळ्यातले शेवाळ

सोलापूरचे सिद्धेश्वर तळे आपण पाहिले आहे. मध्ये देऊळ, भोवती पाणी. अशा तळ्यांचे पाणी कधी कधी हिरवेगार होते. ते शेवाळ.

शेवाळ कशावर पोसते? उन्हावर आणि आपण टाकलेल्या घाणीवर. निर्माल्य, सांडपाणी, शेतातून वाहून आलेले खत हे त्याचे अन्न. शेवाळ कुजले की पाण्यातला प्राणवायू सरतो, मासे मरतात. काही शेवाळ विषारी असते. असले हिरवे पाणी जनावरांना पाजू नये, ती दगावतात.

मग मोरचूद टाकावा काय? नको. त्याने मासेही मरतात. अन्न उरले की शेवाळ पुन्हा येतेच.

आपण असे करू. लांब दांड्याच्या जाळीने शेवाळ काढू. काठावर टाकू नये. पावसाने ते परत आत जाते. ते आणि निर्माल्य खताच्या खड्ड्यात टाकू. सांडपाणी शोषखड्ड्यात सोडू. जेवणच बंद झाले, तर हा पाहुणा किती दिवस राहील?