भिंतीआडचा संवाद

भ्रमणध्वनी कोणत्याही कंपनीचा असो, दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाशी त्यावरून बोलता येते. व्हिडिओ कॉलला मात्र हा साधा न्याय लागू नाही. दोन्ही टोकांना एकच अ‍ॅप हवे. २०१० साली फेसटाइम सादर करताना ते सर्वांना खुले करण्याचे आश्वासन स्टीव्ह जॉब्स यांनी दिले होते. ते हवेतच विरले. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झाले, तेव्हा परदेशस्थ मुलाबाळांना त्यावर भेटणाऱ्यांना निमूटपणे बिऱ्हाड हलवावे लागले. युरोपीय संघाने २०२२ च्या कायद्याने व्हॉट्सअ‍ॅपला परक्या संदेशसेवांसाठी दार उघडणे बंधनकारक केले. भारतात क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क २०११ पासून देशभर आहे. गोतावळा न गमावता अ‍ॅप बदलण्याचा हक्क ग्राहकाने कोणाकडे मागावा?