चार वर्षांच्या पायांनी लोहगड

लोहगडवाडीतून गडाच्या पायऱ्या सुरू होतात. चालायची सवय असलेला मोठा माणूस तिथून पाऊण तासात वरचा महादरवाजा गाठतो. चार वर्षांच्या मुलाला तेवढ्याच पायऱ्यांना दीड तास लागतो, कारण त्याच्या वाटेत कितीतरी जास्त गोष्टी असतात. मुंग्यांची रांग असते, फटीतून डोकावणारा सरडा असतो, कुणाच्या हातून सांडलेले चुरमुरे वेचणारं माकड असतं. मधल्याच एका पायरीवर मूल बैठक मारतं आणि उठायचं नाव घेत नाही. वरून बाबांची हाक येते, "चल रे, अजून खूप चढायचंय!" पुढच्या दहा मिनिटांत सहलीचा रंग पालटतो. मूल भोकाड पसरतं, आई वैतागते, बाबा त्याला खांद्यावर घेऊन धापा टाकत वर पोचतात. वर पोचल्यावर फोटो निघतो. त्या फोटोत मुलाचे डोळे सुजलेले असतात.

हिवाळ्यातल्या कुठल्याही रविवारी सह्याद्रीतल्या सोप्या गडांवर हे दिसतं. बेत आखताना मोठ्यांनी आपल्या पायांचा हिशेब धरलेला असतो. मुलाला माथा म्हणजे काय हे ठाऊक नसतं आणि त्याला तो गाठायचाही नसतो. त्याची सहल घराबाहेर पडल्याच्या क्षणी सुरू झालेली असते.

वेळेचा अंदाज बांधायला एक जुनं गणित उपयोगी पडतं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये ते मांडलं. आजच्या मापांत सांगायचं तर पाच किलोमीटर चालीला एक तास धरायचा आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे चार किलोमीटर वाट आणि तीनशे मीटर चढ असेल तर धडधाकट माणसाला साधारण एक तास अठरा मिनिटं लागतील. पाच-सहा वर्षांचं मूल सोबत असेल तर हा आकडा सरळ दुप्पट करावा आणि खाण्यापिण्याचा, शी-शूचा वेळ वर धरावा. येणारं उत्तर ऐकून अनेक आईबाबा दचकतात. तरी तेच खरं उत्तर आहे. त्यात बसेल तेवढीच वाट निवडायची.

या हिशेबात लोहगड छान बसतो. पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलचं लोणावळ्याआधीचं स्टेशन मळवली. गाडीने गेलं तर थेट लोहगडवाडीपर्यंत रस्ता आहे. तिथून पुढे पायऱ्या असल्याने वाट चुकायची भीती नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. लहान मुलासाठी याहून चांगली रचना नाही. "अजून किती?" या प्रश्नाला "अजून दोन दरवाजे" हे त्याला कळणारं उत्तर देता येतं. प्रत्येक दरवाज्यात सावली मिळते, टेकायला दगड मिळतो, आणि भिंत इतकी जाड कशाला, दार असं वळणावर लपवलंय कशाला, हे विचारायला जागा मिळते. वळणावर हत्तीला धाव घेता येत नाही, असं सांगितलं की मूल पुढच्या वळणावर आपणच हत्ती होऊन बघतं.

वर लक्ष्मीकोठीची अंधारी खोदीव दालनं आहेत, नाना फडणवीसांच्या काळात बांधलेलं मोठं टाकं आहे. टाक्याच्या काठावर मात्र मुलाचा हात सोडायचा नाही, आणि ते पाणी प्यायचं नाही. विंचूकाटा ही गडाची लांबट, निमुळती माची म्हणजे लोहगडाचा सगळ्यांत देखणा भाग. पण तिकडे जाताना कातळाचा एक छोटा टप्पा उतरावा लागतो. लहान मूल असेल तर ती वरूनच पाहावी. तिच्या आकारावरून तिला विंचवाचं नाव का पडलं, ते तिथूनच नीट दिसतं.

मळवलीहून गडाकडे जाताना वाटेत भाजे लेणी लागतात, आणि बहुतेक कुटुंबं दोन्ही एकाच दिवशी उरकू पाहतात. पाच वर्षांखालच्या मुलाला घेऊन हे करू नये. भाजे हा स्वतंत्र दिवस आहे, आणि पहिलीच सहल असेल तर गडाच्या आधीचा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदलेली ही बावीस लेणी थोडा वेळ पायऱ्या चढल्या की समोर येतात. चैत्यगृहाच्या छताला आजही जुन्या लाकडी कमानी आहेत. पुढे गेलं की दगडी स्तूपांचा एक घोळका लागतो. मुलाला ते मोजायला सांगावं. पाच आत आहेत आणि नऊ बाहेर. नुकतंच वीसपर्यंत मोजायला शिकलेलं मूल त्या चौदा स्तूपांभोवती अर्धा तास आनंदाने घालवतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तिकीटही पडत नाही. मुंबईकरांना हाच अनुभव बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीला मिळतो. तिथे शंभराहून जास्त लेणी आहेत. त्यातली पाच-सहा पाहून, पायऱ्यांवर बसून डबा खाऊन परत यावं.

त्याही आधी सराव हवा, आणि तो घराजवळ होतो. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत, वेताळ टेकडी आहे. जवळपास प्रत्येक गावाला देवीची नाही तर महादेवाची एखादी टेकडी असतेच. दोन-तीन रविवारी सकाळी तिथे गेलं की मूल किती चालतं, कशाला घाबरतं, बूट कुठे चावतो, सगळं कळतं. नवा बूट गडावर पहिल्यांदा घालणं ही हमखास होणारी चूक आहे.

निघायच्या आधी एकच गोष्ट पक्की ठरवायची: परत फिरायची वेळ. वर कुठपर्यंत जायचं हे मोकळं सोडावं, पण साडेदहा म्हणजे साडेदहा. तेव्हा नारायण दरवाज्यात असलो तर तिथूनच खाली उतरायचं. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या दुपारच्या झोपेभोवतीच दिवस बांधावा लागतो. सकाळी सातला चढायला लागून बाराच्या आत खाली, भाकरी-पिठल्याचं जेवण, आणि परतीच्या गाडीत झोप, असा बेत जमतो. उतरताना मुलं जास्त पडतात. पाय थकलेले असतात, पायऱ्या उंच असतात आणि चढून झाल्यामुळे मोठ्यांचं लक्षही सैल पडतं. उतरताना मोठ्याने मुलाच्या एक पायरी खाली राहावं.

पिशवीत काय घ्यायचं, यावर घराघरांत मतभेद असतात. पाणी माणशी दोन लिटर, टोपी, एक जास्तीचा कपड्यांचा जोड आणि मुलाला नेहमी आवडणारा खाऊ यावर मात्र तडजोड नको. गुळपोळी, दशमी, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची वडी हा आपला जुना शिधा वाटेवर टिकतो आणि हात चिकट करत नाही. ओआरएसची पुडी ठेवावी. तिच्याबद्दल एक चूक सर्रास होते. एक लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात कालवून मुलाला पाजतात. त्याने मिठाचं प्रमाण वाढून अपायच होतो. पुडीवर लिहिलेलं प्रमाण पाळायचं. बाळ पाठीवरच्या झोळीत असेल तर त्याची मान पक्की धरलेली हवी. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते: चढणारे बाबा घामाने निथळत असतात तेव्हा पाठीवरचं बाळ हललेलंच नसतं. डिसेंबरच्या वाऱ्यात त्याचे हातपाय गार पडतात. दर थोड्या वेळाने ते चाचपून पाहावेत.

गडाच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. तिथे अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. हिरवा सह्याद्री बघून जीव ओढला जातो, हे खरं. पण ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलं होती. ओढ्यात घोट्याएवढं पाणी असतं, वर डोंगरात पाऊस कोसळतो आणि काही मिनिटांत तेच पाणी कमरेला लागतं. खाली उभ्या असलेल्याला तो पाऊस दिसतही नाही. शेवाळलेल्या पायऱ्यांवर मूल कडेवर घेऊन चालणाऱ्याचा पाय घसरला तर दोघंही जातात. म्हणून जून ते सप्टेंबर लहान मुलांना घेऊन वाहत्या पाण्यात आणि कड्याच्या काठाला जाऊच नये. पाऊस बघायचाच असेल तर तो गावातल्या एखाद्या घराच्या ओसरीवरून बघावा, चिखलात खेळावं, भाताची लावणी पाहावी.

चार दिवसांची सुट्टी असेल तर हिशेब थोडा बदलतो. रोज नवं गाव, रोज नवी खोली आणि रोज पाच तास गाडी, असा बेत मुलांना मानवत नाही. घाटात त्यांना लागतंही लवकर. दोन ते बारा वर्षांच्या वयात गाडी लागण्याचा त्रास सर्वांत जास्त असतो. कानातला तोल सांगतो की आपण हलतोय, आणि पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये खिळलेले डोळे सांगतात की स्थिर आहोत. या गोंधळातून मळमळ होते. मोबाइल काढून घ्यावा, मुलाला समोरचा रस्ता दिसेल असं बसवावं, निघताना पोट ना तुडुंब ना रिकामं ठेवावं. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून.

एकाच जागी मुक्काम करायचा तर माथेरानसारखं ठिकाण नाही. गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे लाल मातीचे, झाडांनी झाकलेले रस्ते. शहरात मुलाचं मनगट घट्ट धरून चालणाऱ्या आईला इथे पहिल्यांदा हात सोडता येतो. नेरळहून वर येणारी दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी १९०७ पासून आहे, आणि तिची वळणं हाच मुलांसाठी सहलीचा अर्धा भाग असतो. पावसाळ्यात नेरळपासूनची फेरी बंद असते, अमन लॉज ते माथेरान एवढीच गाडी चालते. सकाळी एक पॉइंट, दुपारी झोप, संध्याकाळी शार्लोट तलाव, असे तीन दिवस भरतात. पॉइंटच्या टोकाला मात्र हात पुन्हा धरायचा.

खर्चाचा धसका घेणाऱ्यांनी एसटीचा विचार करावा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांना अर्धं. १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धं तिकीट आहे. आजी, आई, बाबा आणि दोन लहानगी मुलं मिळून दोन पूर्ण तिकिटांच्या पैशांत गावाला पोचतात. आजी सोबत असली की मुलं वाटेत कमी रडतात, हा फायदा वेगळाच.

आपल्या शाळांची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये येते, आणि गडावर जायचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात दहा वाजता कातळ तापलेला असतो, तेव्हा मामाचं गाव आणि समुद्रच बरा. पण ज्यांची मुलं अजून पहिलीत गेलेली नाहीत, त्यांच्या हातात अख्खं वर्ष आहे, याचा विचार फार थोडे आईबाबा करतात. लोहगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहे. आधीच गर्दीच्या गडाकडे आता आणखी पावलं वळणार. रविवारी दरवाज्यात रेटारेटी होते, मधल्या वारी तिथे पाखरांचा आवाज ऐकू येतो.

आणि मराठी मुलाची गडाशी ओळख दिवाळीत अंगणातच झालेली असते. चिखलाचे बुरूज, अळिवाची हिरवळ, पायथ्याचा मावळा त्याने स्वतःच्या हाताने मांडलेला असतो. तोच बुरूज खऱ्या दगडाचा आणि आपल्याहून दहापट उंच असा समोर आला की मूल थबकतं. तेव्हा या दिवाळीत किल्ला मोडण्याआधी मुलाला त्याचे दरवाजे मोजायला लावा, आणि नोव्हेंबरातला एखादा साधा मंगळवार रजा टाकून मोकळा ठेवा. सकाळी लवकर मळवलीला उतरा, स्टेशनवरून लोहगडवाडीपर्यंत गाडी करा, आणि मुंग्यांची रांग लागली की थांबा.