आत कलणारे पाऊल आणि पादत्राणाची निवड

सुश्रुताचार्यांनी विषम पादन्यास हा वातकंटकाचा हेतू सांगितला आहे. कोयनानगर परिसरातील चढउताराच्या वाटांवर हा हेतू नित्याचाच. त्यात ज्यांचे पाऊल चालताना प्रमाणाबाहेर आत कलते, त्यांच्या टाचेस व घोट्यास अधिक ताण पडतो. अभ्यंग व गुग्गुळकल्प देऊनही उपशय नसेल, तर रुग्णाचे रोजचे पादत्राण मागवून पाहावे. निदानपरिवर्जन तेथूनच सुरू होते, असे आमचे मत आहे.

रुग्णास अनवाणी उभे करून मागून पाहावे. चवड्यांवर उभे राहताच कमान उमटली, तर पाऊल लवचीक समजावे. इनसोलचा उपयोग अशांनाच अधिक. कमान उमटत नसेल, किंवा प्रौढ वयात एकाच पायाची कमान नव्याने बसली असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांस तयार इनसोल विकू नये. वेदनाच नसेल, तर केवळ पाऊल कलते म्हणून उपचार नको.

बुटाची टाचेमागची बाजू अंगठ्याने चेपू नये. तळ चवड्याशी वाकावा, मध्यात पिळू नये. नाडी अथवा पट्टा असावा. पावसाळी प्लास्टिकचे सपाट बूट या कसोटीस बहुधा उतरत नाहीत.

मऊ जेलचा इनसोल हाताला सुखद लागतो म्हणून खपतो. परंतु तो आघात शोषतो, कमान पेलत नाही. कमानीखालचा उंचवटा दाबून पाहूनच माल ठेवावा. बुटातील मूळ इनसोल काढून नवा घालावा. प्रथम तासभर, पुढे क्रमाने वाढवीत. येथील पावसात तो भिजणारच, म्हणून दोन जोड असावेत व ओला जोड सावलीत वाळवावा.