चोरापेक्षा कागदांची धास्ती!

मंडळी, गणपतीचं जेवण झालं आणि पुरुषमंडळी बेसमेंटमध्ये बसली की गप्पा प्रॉपर्टी टॅक्सवरून सुरू होतात आणि कुठेही जातात. यंदा त्या गेल्या बंदुकीवर. शॉमबर्गच्या आमच्या एका मित्राचं दुकान आहे. रात्री उशिरा गल्ला बंद करून एकटाच घरी येतो, म्हणून त्यानं पिस्तूल घेतलं. तो म्हणाला, "अरे, चोरापेक्षा मला कागदांचीच धास्ती जास्त!"

त्याचं ऐका. इलिनॉयमध्ये बंदूकच काय, नुसत्या गोळ्या घ्यायच्या तरी स्टेट पोलिसांचं फॉइड कार्ड लागतं. ही पद्धत १९६८ सालची. तपासणी झाली, पैसे भरले, तरी पिस्तूल हातात पडायला ७२ तास. घर बदललं तर २१ दिवसांत कळवा. अंगावर लपवून बाळगायचं तर निराळा परवाना: १६ तासांचं प्रशिक्षण, १५० डॉलर फी, पाच वर्षांची मुदत. हा परवाना आला २०१३ साली, पन्नास राज्यांत सर्वांत शेवटी. तोही केव्हा? २०१२ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानं जुनी बंदी घटनाबाह्य ठरवल्यावर!

त्यात आपलं गाव बहुतेक कुक काउंटीत, थोडंसं डूपेजमध्ये. कुक काउंटीनं बंदुकीमागे २५ डॉलर कर लावला. २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला, तर काउंटीनं खर्चाचं कलम बदलून तो पुन्हा चालू केला. २०२३ च्या कायद्यानं काही रायफलींची विक्री बंद झाली, आणि ज्यांच्याकडे त्या आधीपासून होत्या त्यांना १ जानेवारी २०२४ पर्यंत नोंदणी करायला सांगितलं. "सरळ माणूस फॉर्म भरतो, चोर थोडाच भरतो?" मित्राचा सवाल.

एवढ्यात त्याची बायको चहा घेऊन खाली आली. म्हणाली, "आणि हायलंड पार्क?" सगळे गप्प झाले. ४ जुलै २०२२ च्या परेडमध्ये तिथे सात माणसं गेली. त्या मुलाकडे फॉइड कार्ड होतं, अर्जावर वडिलांची सही होती. वडिलांनी पुढे २०२३ मध्ये बेपर्वाईचा गुन्हा कबूल केला. म्हणजे कायदा किचकट असला म्हणून तो कडक असतोच असं नाही.

मला आजोबांची ठासणीची बंदूक आठवली. कोकणात रानडुकरांसाठी परवान्यावर ठेवलेली. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा. आजोबा कुरकुरायचे, पण जमा करायचे.

आता आपल्या कामाचं. मित्र एच-वन व्हिसावर आलेल्या भाच्याला रेंजवर न्यायला निघाला होता. वेळीच कळलं, की केंद्रीय कायद्यानं अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसानं बंदूक नुसती हाताळणंही गुन्हा ठरू शकतो. शिकारीच्या परवान्यासारखे मोजकेच अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. म्हणजे हौस मामाची आणि व्हिसा जायचा भाच्याचा! तुमच्याकडेही पाहुणे येतात, आई-बाबा सहा महिने राहतात. तेव्हा आधी वकिलाला विचारा.

मित्राचं पिस्तूल आता कुलपात आहे. नातवंडं यायची असली की किल्ली बायकोच्या कमरेला. त्याबद्दल मात्र तो अजिबात कुरकुरत नाही.