पेलेट ग्रिल घ्यावं का?

मंडळी, बाग-कुक्षीकडून बऱ्याच जणांनी विचारलंय: अंगणात कटला-रोहूला धुरी द्यायला ते महागडं पेलेट ग्रिल घ्यावं का?

यात भुशाच्या दाबलेल्या गोळ्या टाकीत भरतात. मोटरवरचा स्क्रू त्या थोड्या थोड्या जाळाकडे ढकलतो, पंखा वारा घालतो. आच एकसारखी राहते, पण सगळं विजेच्या जिवावर. लाईट गेली की मासा अर्धकच्चा, आणि तसा कोमट मासा खाणं धोक्याचं. आपल्याकडे लाईटचा भरवसा किती, हे सांगायला नको!

घेणारच असाल तर रंगरूप नंतर बघा. पत्रा जाड हवा, झाकण घट्ट हवं, माशात खुपसायचा थर्मामीटर हवाच. जाड भागाच्या मधोमध 63 अंश उष्णता अर्धा तास टिकली पाहिजे. बॉयलरच्या स्वस्त गोळ्या नकोत, त्यात काय मिसळलंय कळत नाही. आणि धुरी दिली तरी बर्फ सुटत नाही.

आमचं मत विचाराल तर घानातली चोरकोर भट्टी बरी: मातीची नाहीतर विटांची, वर एकावर एक जाळ्यांच्या चौकटी. वीज लागत नाही, आणि एका वेळी चार घरांचा माल निघतो. 16 जूनला बंदी लागायच्या आत एक भट्टी भागीत बांधायची का? ज्यांना हवी त्यांनी खाली लिहा.