क्लासिकल गिटार वाजवणारे एकाच हाताची नखं का वाढवतात?

क्लासिकल गिटार शिकणारा माणूस ओळखायचा असेल, तर त्याचे दोन्ही हात शेजारी ठेवून बघा. डाव्या हाताची नखं शाळेतल्या तपासणीला जायचं असावं इतकी बारीक कापलेली असतात. उजव्या हाताच्या अंगठ्याचं आणि पुढच्या तीन बोटांची नखं मात्र वाढवून, घासून गुळगुळीत केलेली असतात. करंगळी या वादनात फारशी लागत नाही, त्यामुळे तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

डाव्या हाताचं कारण सोपं आहे. त्या बोटांनी तार दाबायची असते आणि नख मध्ये आलं की तार नीट दाबली जात नाही. (सरोदवादक डाव्या हाताच्या नखांनीच तार दाबतात, पण सरोदवर पडदे नसतात.) खरा प्रश्न उजव्या हाताचा आहे आणि त्यावर गिटारवादक 200 वर्षं वाद घालतायत.

नखाने नेमका काय फरक पडतो?

सितारवादक बोटात मिझराब घालतो. क्लासिकल गिटारमध्ये ना मिझराब, ना प्लेक्ट्रम. तार थेट बोटांनी छेडायची. बोटाचं टोक मऊ आणि रुंद असतं, त्यामुळे नुसत्या मांसल भागाने छेडलं की आवाज गोल, ऊबदार पण काहीसा दबका येतो. नखाची कड अरुंद आणि टणक. तिने छेडलं की वरचे स्वरांश जास्त उमटतात, आवाज उजळ होतो आणि लांबपर्यंत पोहोचतो.

पण नुसतं नख वापरलं तर आवाज पातळ आणि खरखरीत होतो. म्हणून आज बहुतेक ठिकाणी दोन्हींचा मेळ शिकवतात. तार आधी बोटाच्या मांसाला टेकते, मग नखाच्या अंगठ्याकडच्या कडेवरून घसरत सुटते. या घसरणीत नखाला बारीकसा खाच जरी असला तरी तार तिथे अडकते आणि ते ऐकणाऱ्यालाही कळतं. म्हणून वादकाच्या गिटारच्या पेटीत कानशीच्या जोडीला अगदी बारीक पॉलिश पेपरही असतो.

दोन मित्र, दोन मतं

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये फर्नांदो सोर आणि दियोनिसिओ आग्वादो हे दोन स्पॅनिश गिटारवादक होते. सोर नखांशिवाय वाजवायचा आणि 1830 मध्ये छापलेल्या आपल्या शिक्षणग्रंथात त्याने नखांनी वाजवण्यावर कडक टीका केली. आग्वादो नखांनी वाजवायचा. तरीही दोघांची घट्ट मैत्री होती. सोरने दोन गिटारसाठी एक रचना केली आणि तिला नावच 'दोन मित्र' असं दिलं. आग्वादोनेही सोरचं वादन ऐकल्यावर अंगठ्याचं नख वापरणं सोडलं, बाकीच्या बोटांची मात्र ठेवली. वाद घालावा तर असा.

पुढे फ्रान्सिस्को तारेगानेही आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत नखं सोडली आणि त्याचा शिष्य एमिलिओ पुजोल तीच वाट चालला. मग पारडं नखांकडे झुकलं कसं? याचं मोठं श्रेय आंद्रेस सेगोव्हियाला जातं. त्याने गिटार दिवाणखान्यातून मोठ्या सभागृहांत नेली, तीही मायक्रोफोनशिवाय. तिथे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज हवा होता.

दुसरं कारण तारांचं. तोपर्यंत वरच्या तीन तारा तातीच्या, म्हणजे जनावरांच्या आतड्यांपासून बनवलेल्या असायच्या. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी तात लागू लागली आणि वादकांना ती मिळेना. त्यातून न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा बनवल्या, सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या. नायलॉन तातीपेक्षा गुळगुळीत असतं आणि त्यावर नख छान सरकतं.

शिकताना अडचण कुठे येते?

आपल्याकडे बरेच जण पहिली गिटार म्हणून स्टीलच्या तारांची घेतात आणि त्यावरच क्लासिकलचे धडे सुरू करतात. स्टीलच्या तारा नखं झिजवतात. वर क्लासिकल गिटारची मान रुंद असते, तारांमधलं अंतर जास्त असतं, त्यामुळे बोटांना एक सवय लागते आणि पुढे दुसरी लावावी लागते.

नखांची घाईही नडते. नखाचा आकार हाताच्या कोनावर ठरतो आणि नवशिक्याचा कोन रोज बदलत असतो. म्हणून अनेक शिक्षक आधी काही महिने नखांशिवायच वाजवून घेतात, हात बसला की मग नख घासायला शिकवतात. नख बोटाच्या टोकापुढे साधारण एक-दोन मिलिमीटर पुरतं. खाली वळणारं नख असेल तर त्याहून कमी.

सगळ्यात कठीण परीक्षा ट्रेमोलोची. तारेगाच्या 'रिक्वेर्दोस दे ला अलांब्रा'मध्ये अंगठ्यामागोमाग तीन बोटं एकाच तारेवर इतक्या वेगाने फिरतात की सूर सलग वाटतो. एक नख जरा आखूड असलं की दर तिसरा-चौथा सूर लंगडतो. विद्यार्थी तासन् तास मेट्रोनोम लावून बोटं घोटतो आणि दोष निघतो नखात.

आणि नख मोडलं तर? बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे कार्यक्रम आठवड्यावर असेल तर वाट बघणं शक्य नाही. वादकांचा जुना जुगाड म्हणजे टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा नखाच्या आकारात कापून नखाखाली चिकटवायचा. काही जण पार्लरमध्ये जाऊन अ‍ॅक्रिलिकची नखं बसवतात. आवाज चांगला येतो, पण ती काढताना खालचं नख पातळ होतं.

ज्यांना नखं ठेवताच येत नाहीत, उदाहरणार्थ रुग्णालयात काम करणारे किंवा तबलाही वाजवणारे, त्यांनी क्लासिकल गिटारचा नाद सोडावा का? तर नाही. घरातल्या खोलीत मांसल बोटांचा आवाज पुरेसा असतो. आज जगभरचे विद्यार्थी सोरचे जे अभ्यासपाठ घोटतात, ते लिहिणारा स्वतः नखांशिवायच वाजवत होता.